एकही क्लेम नाही

३ तारीख, मंगळवार

बायकोचा धाकटा भाऊ विमा एजंट आहे. त्याचा सल्ला असा की अपघात झाला की त्याच दिवशी सगळं तारीखवेळेसकट लिहून ठेवायचं, क्लेमच्या वेळी उपयोगी पडतं. म्हणून ही वही. नाहीतर दैनंदिनी लिहिण्याइतका मी रिकामा नाही, आणि थोर तर नाहीच नाही.

तर घटना. सकाळी सव्वादहा. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. चालवायला टपालबाई, त्यांच्या डावीकडे मी. टपालबाई म्हणजे आमच्या भागात पत्रं वाटतात त्या. वय सत्तेचाळीस. एकोणीस वर्षं पायी वाटप करून गुडघ्यांची पार वाट लावून घेतली आहे. त्यांच्या ऑफिसात व्हॅनवरचा माणूस निवृत्त होतोय. महिनाअखेरपर्यंत लायसन्स आणलं तर व्हॅन बाईंना, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला आणि बाई पुन्हा पायी. परीक्षा सत्तावीसला.

बाई बरं चालवत होत्या, म्हणजे मी सांगेन तसं चालवत होत्या. माझी पद्धतच आहे ती. पहिले चाळीस तास शिकाऊ माणसाने स्वतःचं डोकं वापरायचं नाही. एका गाडीत दोन डोकी चालत नाहीत. मी सांगायचं, त्यांनी करायचं. याच पद्धतीने हजारभर माणसं रस्त्याला लावली.

बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. मी म्हटलं, "डावीकडे मोकळं आहे, घ्या." बाईंनी घेतली आणि थेट दिव्याच्या खांबावर घातली. डावा आरसा गेला, मडगार्ड आत, माझ्या बाजूचं दार चेपलं. खांब माझ्या कोपरापासून वीतभर लांब. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, तो मी दाबला, पण आवाज झाल्यावर.

बाईंना चांगलंच सुनावलं. "डोळे घरी ठेवून आलात का? एवढा मोठा खांब दिसत नाही?" त्या खाली उतरल्या आणि खांबाला हात लावून पाहिला. आता काय, त्याची माफी मागायची होती?

त्यांच्या सरावाच्या पुस्तिकेत शेरा लिहिला: 'समोरचे दिसत नाही. परीक्षेस अपात्र.'

४ तारीख, बुधवार

गाडी दारात उभी आहे. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चेपलेली बघून लोकांना जो आनंद होतो, तो टकला न्हावी बघूनही होत नसेल. शेजारचे तर आज दोनदा फिरायला गेले.

प्रश्न क्लेमचा आहे. माझ्या स्कूलच्या पाटीवर नावाखाली तांबड्या अक्षरांत रंगवलंय: 'सव्वीस वर्षे. एकही क्लेम नाही.' ही ओळ माझीच. लोक ती वाचून आत येतात. क्लेम केला की ती खोटी, पुसावी लागणार. नाही केला तर दुरुस्ती खिशातून. तेही सोसेन, पण मग लोक विचारणार की विमा असून क्लेम का केला नाही, नक्की काहीतरी लपवतोय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "क्लेमचं मागाहून बघू. आधी डोळे तपासून या."

"बाईंनी ठोकली आणि डोळे माझे तपासायचे?"

"हो."

बत्तीस वर्षांच्या संसारातलं हिचं हे सगळ्यात छोटं वाक्य. हल्ली हिचं काहीतरी बिनसलंय. रस्त्याने चालताना माझा डावा हात घट्ट धरते. लग्न झालं तेव्हा चारचौघांत धरला नाही, आता धरते. म्हातारपणी प्रेम उतू जातंय, दुसरं काय.

६ तारीख, शुक्रवार

मेहुणा येऊन गेला. पहिल्या चहाला म्हणाला, "दाजी, क्लेम करूच नका. सव्वीस वर्षं सांभाळलेला रेकॉर्ड, एका खांबापायी घालवायचा?" दुसऱ्या चहाला म्हणाला, "दाजी, क्लेम कराच. नाहीतर विमा काढला कशाला, फ्रेम करून लावायला?" तिसऱ्या चहाला त्याला मधला मार्ग सापडला. "गाडी उभी होती म्हणून लिहा. 'उभ्या वाहनास अज्ञात वाहनाने धडक दिली.' अज्ञात वाहनाला कुणी जबाब द्यायला बोलावत नाही."

"आणि दारावर खांबाचा पांढरा रंग लागलाय, तो?"

"अज्ञात वाहन पांढरं होतं."

हा माणूस फुकट एजंट झाला, वकील व्हायचा. जाताना म्हणाला, कळवायला काय जातं, सर्व्हेअर नुसता बघून जाईल, फॉर्म भरायचा की नाही ते तुम्ही मग ठरवा. कळवून टाकलं.

खोटं लिहायचं नाही हे मात्र मी ठरवलंय. चूक टपालबाईंची आहे, तर तसंच लिहायचं. हे वाक्य लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं.

जेवताना पाण्याचा ग्लास सांडला. माणसाच्या डाव्या हाताला काठोकाठ भरलेला ग्लास कोण ठेवतं? मेहुणा ठेवतो. बायकोने पुसून घेतलं आणि दुसरा ग्लास भरून उजवीकडे ठेवला. भावंडांत तेवढी एकटी शहाणी.

९ तारीख, सोमवार

सर्व्हेअर आला. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. असल्या माणसाला कंपनीने गाड्या तपासायला ठेवलंय. त्याने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, फोटो काढले, मग डाव्या बाजूला उकिडवा बसला.

"नवीन डॅमेज हे. आणि मागच्या दारावरचं?"

"जुनं आहे. फाटकाला लागलं."

"हे?"

"कचऱ्याचा डबा."

"आणि हा ओरखडा?"

"त्याचा बाप कोण ते माहीत नाही."

डावीकडे त्याने सात खुणा मोजल्या. मग उजवीकडे गेला, वाकून पाहिलं, पत्र्यावर हात फिरवला. "ही बाजू कालच शोरूममधून आणल्यासारखी आहे," म्हणाला.

मी म्हटलं, "शिकाऊ लोकांना डाव्या बाजूचा अंदाज नसतो."

"पण डाव्या बाजूला तुम्ही बसता ना?"

"म्हणून तर सातच आहेत."

तो वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत होता. म्हणाला, क्लेम करणार असाल तर पंधरा दिवसांत फॉर्म द्या, आणि गाडी चालवणाऱ्या बाईंचं सहीचं निवेदन जोडा. प्रशिक्षकाचंही जोडा, असं म्हणून चष्म्यातून माझ्याकडे इतका रोखून पाहत राहिला की शेवटी मीच नजर काढून घेतली. वरिष्ठ माणसाकडे असं बघायची रीत नाही, पण सांगतो कोण?

११ तारीख, बुधवार

बँकेतल्या कारकुनाचा तास. बाजाराच्या रस्त्यावर डावीकडून एक सायकलवाला एकदम आडवा आला. हे लोक येत नाहीत, जमिनीतून उगवतात. कारकुनाने माझ्या हुकुमाशिवाय ब्रेक दाबला. झाप झाप झापला. म्हणाला, "सर, तो केव्हाचा येत होता." मी म्हटलं, "येऊ दे की, मी सांगितलं का ब्रेक दाबायला?" तास संपल्यावर तो तडक निघून गेला. पोरांना आजकाल शिस्त सोसत नाही. हा तर पन्नाशीचा आहे, तरी सोसत नाही.

१२ तारीख, गुरुवार

टपालबाई त्या दिवसापासून आल्याच नाहीत. निवेदन तर हवं. शेवटी मीच टपाल ऑफिसात गेलो. मागच्या खोलीत लांब टेबलाशी बसून पत्रं लावत होत्या. गल्लीचा गठ्ठा, गल्लीत घरांचा क्रम. हात इतके भराभर चालले होते की पत्त्याकडे बघतात की नाही कळेना. टेबलाखाली दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मला बघून उठू लागल्या, तर टेबलाचा आधार घेऊनही एका दमात उठता येईना.

"बसा, बसा. तास का चुकवताय? सत्तावीसला परीक्षा आहे."

"नाव काढून घेतलं, सर."

"का?"

"तुम्हीच लिहिलंत ना, अपात्र म्हणून. बरोबरच आहे ते." आणि हातातलं पत्र एका गठ्ठ्यावर ठेवून पुन्हा उचललं, पत्ता जवळ धरून वाचला, आणि त्याच गठ्ठ्यावर परत ठेवलं. "हल्ली सगळं दोन-दोनदा बघते."

व्हॅनचं विचारलं. म्हणाल्या, नवीन लागलेल्या मुलीला देतील. तिचे गुडघे चांगले आहेत, पण नियम तो नियम.

निवेदनाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, क्लेम मिळायला काय लिहावं लागतं ते सांगा, मी तसं लिहून देते."

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे असलं चालत नाही. जे खरं आहे तेच लिहा."

बाहेर पडताना छाती जरा पुढे आली असावी, कारण दाराच्या चौकटीला डावा खांदा आदळला.

१४ तारीख, शनिवार

बाईंचं निवेदन आलं. स्वतः पेटीत टाकून गेल्या, घंटाही वाजवली नाही. पाकीट टेबलावर ठेवून दिलं. त्यात काय असणार ते मला माहीत आहे.

१७ तारीख, मंगळवार

आज फॉर्म भरायला बसलो. क्लेम करायचा असं ठरवलंय. पाटीवर 'सव्वीस वर्षांत फक्त एक क्लेम, तोही विद्यार्थ्याच्या चुकीने' असं रंगवून घेऊ, त्यातही एक रुबाब आहे.

'वाहन कोण चालवत होते?' शिकाऊ महिला.

'अपघात टाळण्यासाठी कोणते प्रयत्न केले?' प्रशिक्षकाने आरडाओरडा केला. (हे नंतर खोडलं. आरडाओरडा नंतरचा होता.)

'अपघाताचे कारण?' इथे बाईंचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत म्हणून पाकीट फोडलं. ते मी इथे उतरवतो.

'मी त्या गल्लीत एकोणीस वर्षं पत्रं टाकते. कोपऱ्यावर दिव्याचा खांब आहे हे मला माहीत आहे. वळताना तो मला दिसला. पण सर म्हणाले, डावीकडे मोकळं आहे. सर सव्वीस वर्षं शिकवतात. मला वाटलं, खांब काढून टाकला असेल आणि मला नुसता सवयीने दिसतोय. म्हणून मी गाडी घेतली. चूक माझी आहे, कारण दिसत असूनही मी वळले. तेव्हापासून समोर काय आहे आणि काय नाही याची मला खात्री वाटत नाही, म्हणून मी परीक्षा देणार नाही. सरांना क्लेम मिळावा ही विनंती.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. खांब काढून टाकला असेल म्हणे! बायकोलाही ऐकवावं म्हणून हाक मारायला गेलो, आणि हाक तोंडातच राहिली.

दुसऱ्यांदा वाचलं. मग या वहीचं पहिलं पान काढून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय मी काय म्हटलं ते. चौदा दिवस ते तिथे आहे आणि मी त्याच्या पुढची पानं लिहीत बसलो.

धडधडीत दिसणारा लोखंडी खांब एका बाईने माझ्या शब्दाखातर नाही असं धरलं. एवढा विश्वास माझ्यावर घरातही कुणी ठेवलेला नाही. मला लाज वाटली. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येईल का ते बघितलं, येत नाही.

१८ तारीख, बुधवार

दुपारी बायकोला म्हटलं, "घे बघू माझी परीक्षा." कसली ते तिने विचारलं नाही. हातातली भाजी बाजूला ठेवली, मला खुर्चीत बसवलं, समोर खुर्ची ओढून बसली.

"माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा."

उजवीकडून बोट आलं, मी लगेच सांगितलं. पुन्हा आलं, पुन्हा सांगितलं. शिकवायच्या कामात नजर पक्की लागते, उगाच नाही सव्वीस वर्षं...

मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, "आता डावीकडचं घे ना. वाट कसली बघतेस?"

ती म्हणाली, "केव्हाची हलवतेय."

मान वळवली तर तिचा अख्खा हात तिथे होता. बांगड्यांसकट.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"वर्ष होईल. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा जेवणावरून उठलात." आणि मग ती रडायला लागली. मी तिचा हात धरून बसलो, उजव्या बाजूचा. डोळ्यांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती.

१९ तारीख, गुरुवार

मेहुण्याला बाईंचं निवेदन दाखवलं. त्याने ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा नको म्हणाला. "दाजी, हे जोडलंत तर क्लेम मिळेलही, पण कंपनी वर कळवणार. तुमचं प्रशिक्षकाचं लायसन्स जाणार. स्कूल बंद. त्यापेक्षा फॉर्म फाडा. क्लेमच नाही तर कारणही नाही. पाटी शाबूत, तुम्ही शाबूत."

"आणि बाई?"

"त्यांना फोन करून सांगा, चांगलं चालवता, परीक्षा द्या. खूश होतील."

सोपं आहे. दिवसभर हाच विचार केला. फॉर्म फाडायचा, शेरा खोडायचा, गोड बोलायचं. सोमवारी डॉक्टर काहीतरी थेंब देईल. पाटीवरची ओळ तशीच खरी राहील, जशी आत्तापर्यंत खरी होती. फोनजवळ दोनदा गेलो. पण 'चांगलं चालवता' एवढ्याने काय होणार? त्या बाईला चालवता येत नाही असं तिला वाटतच नाही. तिला वाटतंय की तिला दिसत नाही, आणि तसं मी कागदावर लिहून दिलंय.

शिवाय मी मला ओळखतो. तोंडी कबूल केलं तर आठवड्याभरात पलटेन. म्हणेन, खांबच वाकडा होता. कागदावर सही असली की पलटता येत नाही.

संध्याकाळी फॉर्म पुरा केला. 'अपघाताचे कारण: प्रशिक्षकास डावीकडचे दिसत नाही. चालकास दिसत होते. प्रशिक्षकाने तिला चुकीचे सांगितले.' तीन वाक्यं. सव्वीस वर्षांत एवढं थोडक्यात मी काही शिकवलेलं नाही.

२० तारीख, शुक्रवार

बायको सकाळीच बहिणीकडे गेली. मी फॉर्म घेतला, निवेदन घेतलं, गाडीत बसलो आणि विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. हो, गाडीत बसलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अगदीच अविचार केला असंही नाही, मुद्दाम सगळी वळणं उजवीकडची येतील असा रस्ता घेतला. त्याच रस्त्याने परतताना ती सगळी डावीकडची होणार, हे गाडी लावून उतरल्यावर लक्षात आलं.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. "हे कारणाच्या रकान्यात चुकून लिहिलंत का?"

"नाही. शिकवत होतो ते चुकून. लिहिलंय ते नीट."

त्यांनी शिक्का मारला, पोच दिली. मी तिथल्याच बाकावर बसून टपालबाईंना फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ऐनवेळी सगळं विसरलो.

"बाई, खांब तिथेच होता. कुणी काढला नव्हता. तुम्हाला बरोबर दिसला. दिसला नाही तो मला. डावीकडचं मला दिसतच नाही. कंपनीला तसं लिहून दिलंय आत्ता. तुमचा शेरा मी खोडतोय. परीक्षेला नाव परत घाला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कंपनीच्या ऑफिसात."

"गेलात कसे?"

माझा हात खिशातल्या चावीवर गेला.

"सर! गाडी घेऊन गेलात?"

असा आवाज मी फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता. मी म्हटलं, "सगळी वळणं उजवीकडची होती."

"चावी खिशातून काढा. काढली? आता ती खिडकीतल्या बाईंकडे द्या. माझी तीन घरं राहिलीत, ती टाकते आणि येते. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

चावी देऊन टाकली. कायदा असा आहे की शेजारी लायसन्सवाला बसल्याशिवाय शिकाऊ माणसाने गाडी हलवायची नाही. तेवढ्यापुरता मी अजून उपयोगाचा आहे. सोमवारनंतरचं सोमवारनंतर.

बसून राहिलो. त्या पायी येणार होत्या, त्या गुडघ्यांनी. पाऊण तास लागला. विद्यार्थ्याला पाच मिनिटं उशीर झाला की तास बुडाला असं धरणारा मी माणूस. त्या दारात आल्या, रिकामी पिशवी खांद्यावर, खिडकीतून चावी मागून घेतली, आणि "चला सर" म्हणाल्या. मी उठलो, त्यांच्या मागोमाग बाहेर आलो आणि गाडीत त्या म्हणाल्या तिथे बसलो.